कृषी पदविकेच्या मुलांसाठी कौशल्य प्रमाणपत्रं: कुठली निवडावीत आणि परीक्षा कशी घ्यावी?

दुधनाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यातल्या एका कृषी तंत्र विद्यालयासाठी विचारतो आहे. दहावीनंतरची दोन वर्षांची मराठी माध्यमाची पदविका, वर्गात ६० मुलं-मुली. दहा एकर काळी जमीन, अर्धा एकर मोसंबीवर ठिबक, लहानशी प्रयोगशाळा. त्यात पीएच मीटर, ईसी मीटर (क्षार मोजणारा), तराजू, चाळण्या आणि एक जर्मिनेटर (बियाण्याची उगवण तपासायचं कपाट) आहे.

अडचण अशी की पदविका झालेला मुलगा बियाणं कंपनीत, शेतकरी उत्पादक कंपनीत किंवा ठिबकच्या दुकानात जातो तेव्हा समोरचा विचारतो, "तुला हातानं काय करता येतं?" गुणपत्रिकेवर त्याचं उत्तर नसतं. म्हणून पदविकेबरोबर कौशल्य प्रमाणपत्रं द्यायची असं ठरलं आहे. संस्थेसमोर सध्या बारा विषयांची यादी आहे: ड्रोन, माती परीक्षण, बीजोत्पादन, ठिबक, फवारणी, कृषी सेवा केंद्र, रेशीम, गांडूळखत, रोपवाटिका वगैरे.

१) यातल्या कशाला सरकारी मान्यता लागते आणि कशाला नाही?
२) सुरुवात कुठल्या विषयांनी करावी?
३) परीक्षा नेमकी कशी घ्यावी, म्हणजे लातूर-जालन्याचा माणूस तो कागद बघून विश्वास ठेवेल?

---

मोंढा_नोंदी

सर, पहिल्या प्रश्नाचं आधी बघू, कारण तिथला घोळ पुढे महागात पडतो. प्रमाणपत्रं तीन जातींची असतात आणि ती एकमेकांत मिसळायची नाहीत.

पहिली जात कायद्यानं लागणारी. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कीटकनाशक नियम १९७१ मध्ये शैक्षणिक पात्रता दिली आहे, खतासाठी खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये. ज्या जुन्या दुकानदारांकडे कृषीचं शिक्षण नाही त्यांच्यासाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा 'देसी' हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, आठवड्यातून एक दिवस, ४० वर्गसत्रं आणि ८ क्षेत्रभेटी. खतविक्रीसाठी १५ दिवसांचा एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे. पण कृषी पदविका ही स्वतःच या दोन्ही ठिकाणी पात्रतेत बसणारी गोष्ट आहे. मुलांना फक्त एवढं बघायला शिकवा की पदविकेच्या विषयांत पीक संरक्षण आणि कीटकनाशक व्यवस्थापन स्पष्ट लिहिलेलं आहे का, कारण परवाना देणारा अधिकारी तेच शोधतो. थोडक्यात, तुमच्या यादीतलं 'कृषी सेवा केंद्र प्रमाणपत्र' खोडून टाका. त्यानं मुलांच्या हाती नवीन काही पडत नाही.

दुसरी जात राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातली, म्हणजे एनएसक्यूएफ. यात पातळी ठरवण्याचा आणि ती छापण्याचा अधिकार एनसीव्हीईटीनं, म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेनं, मान्य केलेल्या संस्थेलाच असतो. शेतीसाठी अ‍ॅग्रिकल्चर स्किल कौन्सिल ऑफ इंडिया आहे. विद्यालय फक्त प्रशिक्षण केंद्र होतं, परीक्षा तिसराच मूल्यमापक घेतो. मायक्रो इरिगेशन टेक्निशियन, क्वालिटी सीड ग्रोअर असे अभ्यासक्रम त्यांच्याकडे आहेत. अर्ज करण्यापूर्वी राष्ट्रीय पात्रता नोंदणीवर त्या अभ्यासक्रमाची वैधता संपली नाही ना, हे बघा. आवृत्त्या बदलत राहतात आणि जुन्या आवृत्तीवर बॅच चालू केली की मूल्यमापन अडकतं. तास ३० च्या पटीत ठेवा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांना १ क्रेडिट धरतात, त्यामुळे पुढे जोडायला सोपं जातं.

तिसरी जात तुमचं स्वतःचं प्रमाणपत्र. ते द्यायला कुणाची परवानगी लागत नाही, पण त्यावर 'शासनमान्य' किंवा 'एनएसक्यूएफ पातळी ४' असं एक अक्षरही छापायचं नाही. विद्यालयाचं नाव, कामाचं नाव, मुलानं काय करून दाखवलं आणि कुणी तपासलं एवढंच. माझं मत विचाराल तर सुरुवात याच जातीनं करा. परीक्षा घट्ट बसली की दुसऱ्या जातीकडे जाता येतं. उलट क्रमानं गेलात तर कागदपत्रांत दोन वर्षं जातील आणि प्रत्यक्ष परीक्षा कच्चीच राहील.

---

सात_पोती

दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नावर. बाराऐवजी तीन घ्या. निवडायची कसोटी अशी: आपल्या भागात ते काम वर्षात किती वेळा होतं, चुकलं तर नुकसान किती, आणि ते तुमच्या दहा एकरांत खरंखुरं करून दाखवता येतं का. या हिशोबानं सोयाबीनचं बीजोत्पादन व बीज परीक्षण, ठिबकची देखभाल, आणि माती नमुना व प्राथमिक परीक्षण हे तिन्ही पुढे येतात. रेशीम चांगलं आहे, जालना आणि बीडला कोषाची बाजारपेठही आहे, पण तुमच्याकडे तुतीची बाग आणि कीटकसंगोपनगृह नसेल तर ते नुसतं भाषणाचं प्रमाणपत्र होईल.

अभ्यासक्रम लिहायला बसू नका. आधी परीक्षा लिहा. त्यासाठी आठ-दहा जण एक दिवस बसवा: प्रक्रिया केंद्राचा सुपरवायझर, उत्पादक कंपनीचं गोदाम सांभाळणारा, प्लॉट बघत फिरणारा क्षेत्र सहायक, दोन बीजोत्पादक शेतकरी. मालक आणि संचालक नकोत, रोज काम करणारी माणसं हवीत. एकच प्रश्न विचारा: नवा मुलगा पहिल्या तीन महिन्यांत कुठे चुकतो आणि त्यानं काय बिघडतं? उत्तरं फळ्यावर लिहीत जा. तीच तुमची परीक्षेची यादी.

सोयाबीनपुरतं ती यादी साधारण अशी उतरते.

प्लॉटवर: दोन वाणांत विलगीकरण अंतर किमान ३ मीटर आहे का ते मोजणं, आणि फुलोऱ्यात भेसळीची झाडं ओळखून मुळासकट उपटणं. प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटमध्ये भेसळीची झाडं ०.५० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. फुलाचा रंग, शेंगेवरची लव, पानाचा आकार यावरून मुलानं झाड दाखवायचं आणि कारणही सांगायचं. फूल गेलं की निम्मी ओळख गेली, म्हणून ही परीक्षा ऑगस्टमध्येच होते. पहिल्या वर्षाचे प्रवेश कधी कधी लांबतात, तेव्हा हा भाग दुसऱ्या वर्षाला ठेवा.

राशीच्या वेळी: सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ आणि अंकुर अगदी त्याच्याखाली असतो. ओलावा १३ टक्क्यांच्या आसपास असेल तर मळणीयंत्राच्या ढोलाचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० ठेवावे लागतात. गुत्त्यानं रास करणारा यंत्रवाला लवकर उरकायचं म्हणून फेरे वाढवतो आणि दाणा बाहेरून सुरेख दिसत असूनही आत अंकुर दुखावलेला असतो. मुलाला ओलावामापक आणि फेरे मोजायचं टॅकोमीटर देऊन "हे बियाण्यासाठी चालेल का?" एवढंच विचारा. बनीम (कापलेल्या पिकाची गंजी) पावसात भिजलं असेल तर त्याची रास बियाण्यात धरायची नाही, हा निर्णयही त्याला घेता आला पाहिजे.

गोदामात: थप्पी सात पोत्यांपेक्षा उंच नाही, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी. पोतं खांद्यावरून धाडकन आपटणाऱ्या हमालाला थांबवणं हेसुद्धा कामच आहे, ते यादीत घाला.

प्रयोगशाळेत मुलं सगळ्यांत जास्त चुकतात. प्रमाणित सोयाबीनची मानकं: उगवण किमान ७० टक्के, भौतिक शुद्धता ९८ टक्के, ओलावा १२ टक्क्यांपर्यंत. उगवण चाचणीला ४०० दाणे, शंभराचे चार संच, कागदात किंवा वाळूत, २५ अंश सेल्सिअसला. पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची आठव्या दिवशी. चुका ठरलेल्या आहेत. एक, दाणे निवडून घेतले जातात, फुटके बाजूला टाकून. दाणे सरसकट मोजायचे, निवडायचे नाहीत. दोन, कागद निथळत ओला असतो. कोरडा दाणा पाणी फार झपाट्यानं ओढतो, दालं (दाण्याच्या दोन डाळी) चिरतात आणि चांगला लॉट नापास होतो. कागद पिळून, बोटाला पाणी सुटणार नाही इतपतच ओला ठेवायचा. तीन, मोड आलेला प्रत्येक दाणा 'उगवला' म्हणून धरला जातो. मूळ खुंटलेलं, दालं तुटलेली, खोड चिरलेलं रोप अपसामान्य, ते ७० टक्क्यांत धरायचं नाही. चार, चार संचांतली तफावत कुणी बघतच नाही. सरासरी ७० च्या जवळ असताना सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी संचात १८ पेक्षा जास्त फरक आला तर ती सरासरी वापरायची नाही, चाचणी पुन्हा लावायची.

आठ दिवसांची चाचणी वीस मिनिटांत कशी बसवायची, हा पुढचा प्रश्न येणारच. परीक्षेच्या बरोबर आठ दिवस आधी संच लावून ठेवा. परीक्षकानं त्यांची मोजणी आधी करून पाकिटात बंद करावी. मुलानं सामान्य, अपसामान्य, मृत आणि कठीण (पाणी न ओढलेले) दाणे असे चार ढीग वेगळे करायचे. फरक शंभरात ३ पेक्षा जास्त आला तर गुण नाहीत. शुद्धतेसाठी अर्धा किलो नमुन्यात वेगळ्या नाभीरंगाच्या (दाण्यावरच्या डोळ्याच्या रंगाच्या) दुसऱ्या वाणाचे १५ दाणे मोजून मिसळा. किमान १३ सापडले पाहिजेत.

---

ठिबक_पाईपलाईन

ठिबकचं मी सांगते. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, क्षारांचं. जोडणी करणारी मुलं खूप मिळतात, पण दोन वर्षांनी बंद पडू लागलेला संच चालता करणारी मिळत नाहीत. म्हणून प्रमाणपत्र 'जोडणी'चं करू नका, 'तपासणी व देखभाल'चं करा.

साहित्य फार लागत नाही. ० ते ४ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाबमापक, २५० मिलिचं मोजपात्र, स्टॉपवॉच, १६ डबे, पंच, ग्रोमेट, टेकऑफ, जॉइनर, एंडकॅप, पीएच पट्ट्या किंवा मीटर.

मुख्य परीक्षा समान वाटपाची. चार लॅटरल (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्या) निवडायच्या: पहिली, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येकीवर चार ठिकाणं, म्हणजे १६ ड्रिपर. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली डबा ३ मिनिटं धरला तर २०० मिलि भरायला हवा. सोळा आकड्यांची सरासरी काढायची, मग सर्वांत कमी चार आकड्यांची सरासरी काढायची, दुसरीला पहिलीनं भागून शंभरानं गुणायचं. समजा सगळ्यांची सरासरी १८५ मिलि आणि खालच्या चारांची १५५ आली, तर उत्तर सुमारे ८४ टक्के. ९० च्या वर उत्तम, ८० च्या खाली आलं की दुरुस्ती हवी. मुलगा फक्त आकडा सांगून थांबला तर अर्धे गुण. कमी भरणारे ड्रिपर सगळे लॅटरलच्या शेवटी आहेत की विखुरलेले, हे त्यानं सांगायला हवं. शेवटी असतील तर दाब कमी आहे किंवा लॅटरल धुतलेली नाही, विखुरलेले असतील तर क्षार किंवा शेवाळ.

दुसरा भाग फिल्टर. आधीच्या आणि नंतरच्या दाबात ०.५ किलोपेक्षा जास्त फरक दिसला की धुवायचा. परीक्षेसाठी चकत्यांच्या फिल्टरमध्ये मुद्दाम गाळ भरून ठेवा.

तिसरा भाग आम्लप्रक्रिया, आणि इथे चूक म्हणजे थेट नापास. एक लिटर संचाचं पाणी घ्यायचं, थेंब थेंब हायड्रोक्लोरिक आम्ल घालत पीएच ४ पर्यंत आणायचा, लागलेल्या आम्लावरून व्हेंच्युरीच्या (टाकीतलं द्रावण संचात ओढून घेणाऱ्या भागाच्या) टाकीचा हिशोब करायचा. मग संच २४ तास बंद ठेवून सबमेन (लॅटरलना पाणी देणारी मोठी नळी) आणि प्रत्येक लॅटरलचं टोक उघडून धुवायचं. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा नसेल तर परीक्षा तिथेच थांबवा. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरिन वायू सुटतो, म्हणून दोन्हींचं सामान एका टेबलावर ठेवूच नका. आणखी एक, कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात ब्लीचिंग पावडरनं साका वाढतो, तिथे ती वापरायचा सल्ला देणाऱ्या मुलाला कारण विचारा. विद्यार्थी अठरा वर्षांखालचे असतील तर मात्र आम्ल परीक्षकानं हाताळावं. मुलानं हिशोब करायचा आणि एकेक पायरी तोंडानं सांगायची.

---

मोंढा_नोंदी

ताईंचा वयाचा मुद्दा फवारणी आणि ड्रोनलाही लागू आहे. दहावीनंतर आलेली मुलं १५ ते १७ वर्षांची असतात. ड्रोनच्या रिमोट पायलट प्रमाणपत्राला १८ वर्षं पूर्ण लागतात आणि ते डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) मान्य केलेल्या प्रशिक्षण संस्थेतूनच मिळतं. विद्यालयानं 'ड्रोन प्रमाणपत्र' म्हणून काही छापलं तर मुलं त्याच्या भरवशावर उडवायला जातील आणि अडचणीत येतील. ड्रोन यादीतून काढा आणि प्रवेशावेळीच पालकांना तसं सांगा.

फवारणीची परीक्षा साध्या पाण्यात कपड्यांची नीळ घालून घ्या. औषध नकोच. यात खरं कौशल्य आहे ते पंपाच्या मापनाचं. नोझलखाली मोजपात्र धरून मिनिटाचा प्रवाह मोजायचा, शेतात मिनिटभर चालून अंतर मोजायचं, पट्ट्याची रुंदी मोजायची. प्रवाह ०.६ लिटर, चाल ५० मीटर, पट्टा अर्धा मीटर असेल तर मिनिटाला २५ चौरस मीटर होतात. एकराचे ४००० चौरस मीटर धरले तर १६० मिनिटं, ९६ लिटर पाणी, १६ लिटरचे सहा पंप. लेबलवर एकरी ६० मिलि असेल तर पंपाला १० मिलि. आपल्याकडे सगळीकडे 'पंपाला एक झाकण' हा हिशोब चालतो आणि प्रत्येकाचा पंप, नोझल, चाल निराळी. त्यानं मात्रा चुकते, मग कीड हटत नाही किंवा पिकाला इजा होते. शिवाय औषध किती विषारी ते सांगणारा लेबलवरचा रंगीत त्रिकोण आणि शिफारस कुठल्या पिकासाठी आहे, हे वाचता आलंच पाहिजे.

---

दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बियाणं, ठिबक आणि माती हे तीन पक्के केले. फवारणीचं मापन तिन्हींत सामायिक भाग म्हणून घालतो. आता दोन गोष्टी राहिल्या. मातीची परीक्षा कशी घ्यावी? आणि ६० मुलांची प्रात्यक्षिकं दोन-तीन माणसांत उरकायची कशी?

---

सात_पोती

माती थोडक्यात. नागमोडी चालत हेक्टरी १०-१५ ठिकाणं, बांध, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची आणि ओल धरलेली जागा सोडून. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, २० सेंटिमीटर खोल, कडेची सारखी जाड चकती. सगळं एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून. सूक्ष्म अन्नद्रव्यं बघायची असतील तर गंजलेली कुदळ आणि जस्ताचं घमेलं नको. मोसंबीच्या बागेत थरवार नमुने वेगळे घ्यायचे, ते एकत्र मिसळले की अर्थ उरत नाही.

पीएच मोजताना माती आणि पाणी १ : २.५, म्हणजे २० ग्रॅमला ५० मिलि. मीटर आधी ७ च्या आणि मग ९.२ च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) लावायचा, कारण आपल्या जमिनी विम्लतेकडे, म्हणजे ७ च्या वर, झुकलेल्या. मुलं ४ आणि ७ वर लावून ८.३ वाचतात, तो आकडा भरवशाचा नसतो. परीक्षेत मीटर मुद्दाम चुकीचा लावून ठेवा आणि एक ओळखीचं बफर 'नमुना' म्हणून द्या. ज्याला संशय येत नाही त्याला पुन्हा बसवा. स्फुरदाला आपल्याकडे ओल्सेन पद्धत. ते काम पूर्ण प्रयोगशाळेचं, तुमच्या प्रमाणपत्रात घालू नका.

दुसरं, पाच टेबलं मांडा, प्रत्येकावर एक काम, २० मिनिटं, मध्ये ५ मिनिटं बदलायला. एका फेरीत पाच मुलं, फेरी दोन तासांची. ६० मुलांना बारा फेऱ्या, म्हणजे दिवसाला तीन फेऱ्या धरल्या तर चार दिवस. टेबलाला एक परीक्षक हवा. तुमचे दोन शिक्षक आणि तीन बाहेरचे. बाहेरचे म्हणजे त्या पहिल्या दिवशी बसवलेल्यांपैकीच. तेच उद्या मुलं कामावर घेणार, त्यामुळे त्यांनी स्वतः तपासलेल्या कागदाला त्यांच्याकडे वजन राहतं. पहिल्या दोन फेऱ्यांत एका टेबलावर दोन परीक्षक वेगवेगळे गुण देतील असं बघा. दहापैकी निदान आठ पायऱ्यांवर दोघांचे गुण जुळायला हवेत. नाही जुळले तर दोष मुलाचा नाही, गुणपत्रकातलं वाक्य ढिलं आहे. 'व्यवस्थित मोजले' असं लिहू नका, 'तीन मिनिटांत ५ सेकंदांपेक्षा जास्त चूक नाही' असं लिहा.

नापास झालेल्याला तेवढंच टेबल पुन्हा, किमान १५ दिवसांनी आणि दुसऱ्या नमुन्यावर.

---

ठिबक_पाईपलाईन

कागदाच्या मागच्या बाजूला ही सगळी कामं आणि मुलाचा निकाल छापा: '१६ ड्रिपर तपासले, फिल्टर धुतला, आम्लाचा हिशोब केला, प्रत्यक्ष आम्ल हाताळले नाही'. शेवटचं वाक्य लाजून गाळू नका, डीलरला तेच आधी कळायला हवं. क्रमांक घाला आणि त्याच क्रमांकाची नोंदवही विद्यालयात ठेवा. कुणी फोन करून विचारलं तर लिपिकाला पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे. फोटो आणि परीक्षेची तारीखही हवी. ठिबकच्या कागदावर तीन वर्षांची मुदत टाका, सुटे भाग आणि ड्रिपरचे प्रकार बदलत जातात.

आणि शुल्क साहित्य व बाहेरच्या परीक्षकांच्या मानधनापुरतंच ठेवा. ऐपत नाही म्हणून एखादी मुलगी टेबलापर्यंत पोहोचलीच नाही, असं होता कामा नये.